म्हातारीचं पाणी

आमच्या डॉक्टरांच्या नखांत मला पहिल्यांदा माती दिसली, तेव्हा त्यांचं बोट माझ्या ओठाला टेकलेलं होतं. घसा दाखवायला गेले होते. "आ करा, मावशी," म्हणून त्यांनी हनुवटी धरली आणि मी आ करायच्या ऐवजी तोंड घट्ट मिटलं. आमच्या शाळेत सिस्टर रोज सकाळी रांगेत उभं करून नखं तपासायच्या. मळकं नख दिसलं की मुलीला घरी पाठवायच्या. इथे कुणाला घरी पाठवणार? दवाखाना त्यांचाच.

"आधी हात धुवा," मी म्हटलं.

त्यांनी स्वतःच्या नखांकडे पाहिलं आणि चक्क हसले. "ही घाण नाही, मावशी. माती आहे."

"ते ती कुठे आहे त्यावर ठरतं. कुंडीत असली तर माती. माझ्या तोंडात आली तर घाण."

हात धुतले त्यांनी, पण अशा चेहऱ्याने, जणू एखाद्या अडाणी बाईची समजूत काढताहेत. मला त्यांची शिसारी यायला सुरुवात झाली ती त्या दिवसापासून. त्याआधी मात्र कधीच आली नव्हती, हे मला आवर्जून सांगितलं पाहिजे. हे डॉक्टर आमच्या रस्त्यावर आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर दाट केस होते आणि माझे यजमान हयात होते. यजमानांच्या शेवटच्या आजारात न बोलावता सकाळ-संध्याकाळ येऊन जायचे. पोटावर हात ठेवला की यंत्राआधी त्यांना कळायचं. त्यांच्या दवाखान्यात बाकं कधी रिकामी नसत. जेवण उभ्याने, तेही डब्याच्या झाकणात. चहावर साय धरायची, ती बोटाने बाजूला करून तो गार चहा घटाघट प्यायचे आणि पुढच्या माणसाला हाक मारायचे. असा माणूस थकणारच. थकलेल्या माणसाची मला कधी किळस आली नाही. किळस आली ती त्या थकव्यातून जे उगवलं त्याची.

उगवलं ते एका टोमॅटोतून. कुणा पेशंटने एक रोप आणून दिलं. दवाखान्याच्या खिडकीत ते वाढलं आणि त्याला मोजून एक टोमॅटो लागला. डॉक्टरांनी तो मीठ लावून खाल्ला, डोळे मिटले, आणि बाहेर माणसं खोकत असताना बराच वेळ ते मिटलेलेच ठेवले. तिथून पुढे त्यांच्या तोंडी एकच शब्द: साधं. साधं जगायचं. साधं खायचं. थोडीशी जमीन, दोन शेळ्या, चार कोंबड्या, विहिरीचं पाणी, वीज नकोच.

"साधं राहायचं म्हणून नवीन गाडी घेतलीय," त्यांच्या बायकोने मला सांगितलं. ती शाळेत मुख्याध्यापिका आहे, पण सगळे तिला डॉक्टरीणबाईच म्हणतात. "डोंगर चढणारी. साधी माणसं म्हणे आता अशाच गाडीतून फिरतात. मावशी, ह्या माणसाने लग्न झाल्यापासून स्वतःचा कप विसळला नाही, आणि शेण उचलायला निघालाय."

"मग वाफे तयार झाले का?"

"झाले की. सगळे तोंडाच्या वाफांचे."

जमीन मात्र खरोखर घेतली. शहरापासून लांब, उताराची, दगडगोट्यांची. त्यावर एक जुनं, वाकडं लिंबाचं झाड होतं, कागदी लिंबाचं. त्याला काही वर्षांत फळ आलेलं नव्हतं. डॉक्टर त्या झाडाच्या प्रेमात पडले. त्याला म्हणायचे 'म्हातारी'. तिकडे एक राखणदार ठेवला होता. त्याचं काम एकच, फोनवर "हो साहेब" म्हणणं. डॉक्टर इथून हुकूम सोडायचे, तो तिथे झाडाखाली पडून हो साहेब, हो साहेब करायचा. उंटावरून शेळ्या हाकणं मी ऐकून होते. इथे तर उंटही नव्हता, नुसता फोन. कानात फोनचं एक पांढरं बोंडुक खोचलेलं असायचं, त्यामुळे ते आपल्याशी बोलताहेत की राखणदाराशी, ते कळायला मार्ग नसे.

दवाखान्याची अवस्था मी काय सांगू? सुयांच्या ट्रेशेजारी रोपांचे ट्रे. ज्या टेबलावर माणसांना झोपवून तपासायचं, त्यावर वर्तमानपत्र पसरून भोपळ्याच्या बिया वाळत घातलेल्या. मागच्या बाजूला एका पिंपात भाजीचा कचरा कुजवलेलं पाणी ठेवलं होतं. त्याचं झाकण उघडलं की बाकावरची माणसं नाकाला पदर, रुमाल, जे हाताला येईल ते लावत. पिवळट फेस, त्यावर घोंघावणारी चिलटं, आणि डॉक्टर काठीने ते ढवळताहेत, वाकून वास घेताहेत. "जिवंत आहे, मावशी! बघा, कसं जिवंत आहे!" मी म्हटलं, "दिसतंय. म्हणूनच बाहेर ठेवा."

एकदा तर मूळव्याधीचा एक पेशंट पडद्याआड आडवा पडलेला असताना डॉक्टर कानातल्या राखणदाराला म्हणाले, "मुळंच कुजली असतील तर ठेवून काय उपयोग? उपटा आणि जाळून टाका." तो गृहस्थ विजार सावरत जो पळाला, तो पुन्हा आलाच नाही. सगळे हसलो तेव्हा. मीही हसले.

मग डॉक्टरांनी दवाखाना विकायचं ठरवलं. एक मोठं हॉस्पिटल तो घेणार होतं, जागा, पेशंट, सगळ्यासकट. त्यांची अट होती की डॉक्टरांवर एकही तक्रार असता कामा नये, नाव धुतल्या तांदळासारखं पाहिजे. सही व्हायला थोडेच आठवडे राहिले होते. "एकदा सही झाली, की मी गेलोच," ते आल्यागेल्याला सांगायचे. तारखेकडे डोळे लावून बसले होते. तेवढ्या दिवसांत काही विपरीत घडू नये, एवढीच त्यांची धडपड होती.

घडायचं ते घडलंच.

माझ्या घराखाली, कोपऱ्यावर, बटणं-दोऱ्यांचं एक दुकान होतं. ते चालवणारी बटणवाली माझी फार जुनी मैत्रीण. मला ती 'कडक इस्त्री' म्हणते आणि मी ते चालवून घेते, कारण ती दुसऱ्या कुणालाही याहून वाईट नावं ठेवते. आता दुकान बंद आहे, हृदय दुबळं झालंय, पायावर सूज असते. लघवी होण्याच्या गोळ्या चालू, आणि पाणी मोजून प्यायचं. मुलगा लांबच्या मालगाडीवर चालक, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. घरी सून. ती बेकरीच्या गल्ल्यावर बसते, आणि येऊन सासूचं सगळं करते.

त्या दुपारी मी तिच्याकडे गेले तर बटणवाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला पाहून शिवी दिली नाही, इथेच मला धक्का बसला. डोळे खोल गेलेले. ओठांना भेगा. जीभ सुकून, काळपट, चामड्यासारखी. काहीतरी पुटपुटत होती. कान लावला तर म्हणत होती, "फडका. ओला फडका दे."

सून उशाशी बसून रडत होती, पण पाण्याचं भांडं तिने कपाटावर ठेवलं होतं, हात पोचणार नाही असं.

"अगं, तिला पाणी दे!"

"नाही देता येत, मावशी. डॉक्टरांनी बंद केलंय. परवा रिपोर्ट दाखवायला मीच गेले होते कामावर जाताना. ते हात धूत होते. म्हणाले, मी सांगेपर्यंत एक थेंब द्यायचा नाही. मला खरंच वाटेना, म्हणून विचारलं, आणि गोळ्या? तर वळून म्हणाले, गोळ्या चालू ठेवा. आईंनी काल हातापाया पडून मागितलं हो. मी नाही दिलं."

"असं म्हणाले? ह्याच शब्दांत?"

"ह्याच. म्हणाले, म्हातारीचं पाणी तोडा."

तोडा. माणसाचं पाणी कमी करतात, बंद करतात, जपून द्या म्हणतात. पाणी तोडतात ते झाडाचं. बहर धरावा म्हणून झाडाला तहानेनं व्याकूळ करायचं, पानं गळेपर्यंत. हे मला डॉक्टरांनीच कितीदा ऐकवलं होतं.

मी खुर्चीवर चढून भांडं काढलं आणि चमच्याने ओठ ओले करायला सुरुवात केली. दुसऱ्या हाताने फोन लावला.

"मावशी, पेशंट आहेत समोर. पटकन बोला."

"डॉक्टर, म्हातारीचं पाणी तोडायला तुम्ही सांगितलंत का?"

आवाज एकदम खुलला. "अरे वा, तुमच्यापर्यंत बातमी आली? हो तर! ताण दिल्याशिवाय बहर धरायची नाही ती. का हो, पानं गळायला लागली का?"

"पानं नाहीत," मी म्हटलं. "जीभ. मी बटणवालीच्या घरातून बोलतेय."

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला.

धावत आले, हे मान्य करते. चप्पलही पायात नव्हती. नाडी पाहिली, गाडी बोलावली, हॉस्पिटलात स्वतः सुई लावली. हृदय दुबळं म्हणून सलाईनसुद्धा थेंब थेंब, डोळ्यात तेल घालून. त्या वेळी ते पुन्हा पूर्वीचे डॉक्टर झाले होते. बटणवाली वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नर्सला पहिली शिवी दिली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पण मला लिहायचंय ते त्यानंतरचं. बटणवालीचा मुलगा ड्युटीवरून तसाच हॉस्पिटलात आला. व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, बायकोवर ओरडला.

"तहानेनं मारत होतीस माझ्या आईला? अक्कल गहाण टाकलीस का? जनावराला तरी कोणी असं करतं का?"

"मला डॉक्टरांनी—"

"डॉक्टर असं सांगतील? आई घरी यायच्या आत तू माहेरी जा. मला तोंड दाखवू नकोस."

डॉक्टर दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. सूनही पाहत होती. त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "शांत व्हा. ऐकण्यात गफलत होते कधी कधी. त्यांचा तसा हेतू नसणार."

हेतू नसणार! पिंपातल्या त्या फेसाचा वास मला नव्याने आला, तिथे, फिनाईलने पुसलेल्या त्या स्वच्छ व्हरांड्यात. सून सासूचे कपडे पिशवीत भरत होती, ते भरत राहिली.

मी डॉक्टरांना जिन्यात गाठलं.

"मावशी, मला कळतंय तुम्ही काय म्हणणार ते," ते म्हणाले. "पण थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. आत्ता तक्रार झाली तर सही होणार नाही. सगळं गेलं मग. माझं उभं आयुष्य त्या दवाखान्याच्या खोलीत गेलंय हो. लोकांचे घसे बघण्यात. शेवटी थोडं साधं जगावं म्हटलं तर—"

"तुमच्या शेतीला तिचा संसार खत म्हणून घालायचा?"

"असं काय बोलता? दोन दिवसांनी शांत होईल तो."

"ती माहेरी जाऊन बसल्यावर? तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते."

"तुमच्याकडे पुरावा काय?" ते म्हणाले, आणि लगेच त्यांचं तोंड असं झालं, जणू स्वतःच बोललेलं स्वतःच गिळायचंय. गिळता मात्र आलं नाही.

मी सरळ डॉक्टरीणबाईकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं, वह्या तपासत होती ते पेन खाली ठेवलं. नवरा घरी आल्यावर त्याला काय म्हणाली ते मला तिनेच सांगितलं. "त्या मुलाची आई घरी आली की त्याच दिवशी जाऊन सांगायचं. नाहीतर तुमची ती दुसरी म्हातारी मी स्वतः कुऱ्हाडीने तोडून येते. तुमच्याच गाडीतून."

मधल्या दिवसांत सून माझ्याकडे झोपायला होती. बेकरीत जायची आणि परत यायची.

तर डॉक्टर सांगायला गेले. बटणवाली घरी आली त्याच संध्याकाळी. मी सुनेला हाताला धरून घेऊन गेले. नवऱ्याने तिला दारात पाहून मान फिरवली, पण डॉक्टरांसमोर अडवलं नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

डॉक्टरांनी सांगितलं, खोटं कशाला बोलू, सगळं सांगितलं. पण सांगितलं कसं! सुरुवात टोमॅटोपासून. मग थकवा. मग रात्री झोप न येणं, आणि डोळ्यांपुढे दिसणारा तो उतार. मग लिंबाचं झाड, कानातलं बोंडुक, राखणदार. शेवटी चष्मा काढून डोळे टिपले. "चूक माझी होती," ते मुलाला म्हणाले. "तुम्ही तक्रार करा. मी अडवणार नाही."

मुलगा विरघळला. उठून त्यांचे हातच धरले. "काय बोलता डॉक्टर! एवढा मोठा माणूस आमच्या घरी येऊन चूक कबूल करतोय. तक्रार कसली? तुम्हीच वाचवलंत तिला."

आणि मग, मी माझ्या कानांनी ऐकलं, त्याने विचारलं, "जमीन कितीशी आहे म्हणता?"

पाच मिनिटांत दोघं खतावर आले. कुठलं चांगलं, कुठलं महाग. सून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि दारातच उभी राहिली, कारण ट्रे ठेवायला डॉक्टरांनी आपली बॅग टेबलावरून काढायला हवी होती आणि त्यांच्या ते लक्षात येत नव्हतं. एवढं रामायण झालं, पण तिच्याकडे बघून एक शब्द कुणी बोललं नव्हतं. मला उठून बाहेर जाऊन चूळ भरावीशी वाटली.

तेवढ्यात पलंगावरून बटणवाली म्हणाली, "काय हो डॉक्टर, मग? आला का मला बहर?"

सगळे खो खो हसले. डॉक्टर तर डोळे पुसत हसले. त्यांच्यावर तक्रार झाली नाही, सही झाली, आता ते तिकडे राहतातही. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला म्हणायचंय ते त्या हसण्यानंतरचं, कारण हसली नव्हती ती एकटी सून.

तिने बॅग स्वतः उचलून जमिनीवर ठेवली. ट्रे टेबलावर ठेवला. "डॉक्टर, आता पाणी किती द्यायचं ते सांगा."

"पूर्वीसारखंच. मोजून, पण द्यायचं. सकाळी—"

"कुणाला?"

"म्हाता—" ते थबकले. "आजींना."

"ह्या खोलीत आजी दोन आहेत. नाव घेऊन सांगा."

डॉक्टरांनी बटणवालीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग बॅगेकडे, जणू कागद काढून बघावा. इतकी वर्षं त्यांनी तिची नाडी धरली होती, छाती ऐकली होती, आणि नाव त्यांना येत नव्हतं.

"अगं, असू दे आता," नवरा म्हणाला.

"तुम्ही थांबा. तुमचीही पाळी येतेय."

डॉक्टरांचे कान लाल झाले. "काय नाव त्यांचं?" त्यांनी हळूच विचारलं. सुनेने सांगितलं. त्यांनी ते नाव घेतलं आणि सकाळचं, दुपारचं, रात्रीचं पाणी सांगितलं, एकेक करून, तिच्याकडे बघून. ती प्रत्येक वेळी मान डोलावत होती. सांगून झाल्यावर ते उठायला लागले.

"आणि माझं?" ती म्हणाली.

ते पुन्हा बसले. तिचं नाव विचारलं. तिने तेही सांगितलं. त्यांनी आधी कानातलं ते बोंडुक काढून खिशात टाकलं, आणि तिचं नाव घेऊन म्हणाले, "तुम्ही बरोबर ऐकलंत. मी तेच बोललो होतो. हॉस्पिटलात मी खोटं बोललो."

आता चष्मा नाकावरच होता. आवाज अगदी कोरडा होता. त्या सबंध संध्याकाळचं ते एकच वाक्य मला घाण न वाटता ऐकता आलं.

ती नवऱ्याकडे वळली. तो कपात बघत बसला होता. डॉक्टर दाराकडे निघाले तशी मीच त्यांना हाताने खूण केली, बसा. त्याने व्हरांड्यात सगळ्यांसमोर तोंड सोडलं होतं. निदान आम्ही तिघं तरी समोर असायला हवे होतो.

"चुकलं," तो कपात म्हणाला.

"मोठ्याने," ती म्हणाली. "आईंनाही ऐकू जाऊ दे."